अकोल्याहून आलेली दोन कार्डं

ता. ६ फेब्रुवारी १९३४, अमरावती

आज शंभर वेळा "मला" लिहिलं. वर्गात तोंडून "मले" निघालं म्हणून. सुपरिंटेंडेंट बाई (पुढं नुसतं सु. बाई) म्हणाल्या, "उद्या तुम्ही मास्तरीण होणार. मुलींना हे असलं शिकवणार का?" बाई पुण्याच्या. माझ्यासारख्याच विधवा. वाटलं होतं, समजून घेतील. हात दुखून राहिला. या वहीत मात्र माझ्या मनाचंच लिहीन.

खोलीत आम्ही दोघी, मी अन् रखमा. ती धामणगावची, नवऱ्यानं टाकलेली. म्हणे, "यमुने, हात शंभरदा लिहीन, जीभ थोडीच ऐकते?" लई हसलो.

ता. १४ फेब्रु.

दादाचं कार्ड नाही. दर पंधरा दिवसांनी टाकतो, मळ्याशेजारच्या मास्तरांकडून लिहून घेऊन. शेवटचं वाक्य तानीचं. मागच्या वेळी होतं: "आईले सांगा, बकरीले दोन पिल्लं झाली." पाच वर्षांची पोर, वहिनीपाशी टाकून आली मी. सहा महिने बोर्डिंगात राहूनच शिकायचं, अशी अट. सर्टिफिकेट हाती आलं की शाळेत जागा, अन् तानी माझ्यापाशी. दुसरं काही मागणं नाही.

सगळं टपाल सु. बाईंच्या हातून येते. विचारलं. "आलं की मिळेल," म्हणाल्या. मान वर केली नाही.

ता. २३ फेब्रु.

अक्षर वाकडं येऊन राहिलं. येऊ दे.

ऑफिस झाडायची पाळी आज रखमाची. टेबलाखाली पत्र्याची पेटी, झाकण अर्धं उघडं. आत आम्हा बायांची पत्रं. माझं नाव दिसलं तशी तिनं दोन कार्डं पदराखाली आणली.

पहिलं, बारा तारखेचं, अमरावतीचा शिक्का तेराचा: "तानीले गोवर निघाला. ताप उतरत नाही. आई आई करते. कार्ड भेटताच ये."

दुसरं, सोळाचं: "कानातून पू येऊन राहिला. तू आली नाही. येतं का नाही ते तरी कळव."

म्हणजे चौदाले मी विचारलं, तवा पहिलं कार्ड त्या पेटीतच होतं! माझ्या पायापासून हातभर!

तशीच गेली. कार्डं टेबलावर ठेवली. सु. बाई चिडल्या नाहीत, तेच जास्त झोंबलं. म्हणाल्या, "परीक्षा तोंडावर आलीय. अशी पत्रं वाचली की बायका शिक्षण टाकून पळतात. तुमच्या भल्यासाठीच ठेवते मी."

"अन् पोर गेली असती तर?"

"तुम्ही जाऊन गोवर बरा होणार होता का?"

रजा मागितली. नाही. "न विचारता गेलात तर नाव कापलं जाईल."

दोन्ही कार्डं उचलून आणली. कापा म्हणा.

ता. २४ फेब्रु., अकोला

सकाळच्या गाडीनं निघाली, बडनेऱ्याले बदलली. स्टेशनावरून पायीच मळ्यात. तानी जिवंत सापडन का नाही, तेही माहीत नाही. दादा वांगे तोडून राहिला होता. मले पाहून उठला नाही.

"आता आली? दोन कारडं टाकले."

"तानी?"

"आहे घरात."

आहे म्हणजे जिवंत. खाली बसून सगळं सांगितलं. त्याले पटेना. "एवढी शिकलेली बाई, दुसऱ्याच्या लेकराचं कारड दाबून ठेवन? काहून?" मलेच कुठं ठाऊक आहे, काहून ते! वहिनी म्हणाली, "खरं सांगून राहिली ते. तोंड तर पाहा तिचं."

तानी खाटेवर. नुसती हाडं. डाव्या कानात कापूस. डावीकडून हाक मारली, वळली नाही. उजवीकडून मारली, वळली. रडली नाही. म्हणाली, "मी तुले लई हाका मारल्या."

पुढं लिहवत नाही.

ता. २६ फेब्रु., अकोला

तानीले कडेवर घेऊन दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, कान वाहायचा थांबन. ऐकू येईन का, ते आता सांगता येत नाही. आधी आणायची होती.

बाहेर आल्यावर दादाले विचारलं, काहून नाही आणली? म्हणे, "आज येशीन, उद्या येशीन, मंग तूच नेशीन म्हणून थांबलो. तिच्या अंगाले हात लावाचंच भेव वाटे." त्याच्यावर ओरडली मी, भर रस्त्यात. मंग स्वतःचाच राग आला. कार्ड आलं नाही तवाच निघाली असती तर? पण सर्टिफिकेटावरच्या सहीचं, शिक्क्याचं, नाव कापायचं भेव. दादाले पोरीचं भेव, मले बाईचं. अन् कान गेला तानीचा.

ता. १ मार्च, अमरावती

परत आली. तानीनं विचारलं, "मंग कवा येशीन?" परीक्षा झाली की, असं सांगितलं. उजव्या कानात. दादा सोबत यायले निघाला होता, त्या बाईले जाब विचारतो म्हणे. नको म्हटलं. माझं भांडण आहे.

सु. बाईंनी कागद तयारच ठेवला होता. "मी नियम मोडला, याची मला लाज वाटते. बाईंनी जे केले ते माझ्या हितासाठीच केले." खाली सही करायची. शाळा तपासणाऱ्या इन्स्पेक्ट्रेस बाई सोमवारी येतात. सही नसली तर त्यांच्यासमोर नाव कापणार.

तानीची चौकशी? एका शब्दानं नाही.

ता. ३ मार्च

रखमानं सगळ्या खोल्यांत सांगितलं. दुपारी बाराजणी व्हरांड्यात उभ्या, आमची पत्रं द्या म्हणून. सु. बाई दारात आल्या. "नावं लिहून घेऊ का?" एवढंच बोलल्या. पाहता पाहता चौघी उरलो. गेल्या त्यांनाही सर्टिफिकेट पाहिजे, मले कळते. तरी त्यांचाही राग आला. जेवताना एकीशीही बोलली नाही.

चौघी हललो नाही, तवा सु. बाईंनी पेटी उघडली. एकीले पत्र भेटलं, एकीले दोन. मले आता काही नव्हतं. रखमाच्या नावाचं तर एकही नाही. तिची कुणी दाबून ठेवलीच नव्हती, कुणी लिहिलीच नव्हती. हसली ती. ताटावर बसली नाही.

संध्याकाळी म्हणे, "सही कर अन् मोकळी हो. सर्टिफिकेट घे, मंग भांड."

"मंग कोण भांडते, रखमा?"

"तेही खरंच," म्हणाली.

ता. ५ मार्च, सोमवार

त्यांच्या कागदावर सही नाही केली. माझा वेगळा लिहिला: मी परवानगीविना गेली, हे खरं. त्याची शिक्षा द्या. पण दहा दिवस माझं पत्र माझ्यापासून लपवलं, मी विचारलं तवाही खोटं सांगितलं, त्याची शिक्षा कुणाले? सोबत दोन्ही कार्डं.

इन्स्पेक्ट्रेस बाईंच्या हाती मीच दिला. सु. बाई पुढं आल्या, "आधी मी पाहते" म्हणून. कागद सोडला नाही मी. इन्स्पेक्ट्रेस बाईंनी दोनदा वाचला. कार्डांवरचे टपालाचे शिक्के खिडकीशी नेऊन पाहिले. विचारलं, "मुलगी कशी आहे?"

ऑफिसात हे पहिल्यांदाच कुणी विचारलं. "डाव्या कानानं ऐकत नाही," म्हटलं.

"बाहेर बसा."

दार लागलं. बाकावर बसली. आत सु. बाईंचा आवाज चढला, मंग फाटला. रखमा येऊन शेजारी बसली.

तिसऱ्या तासाची घंटा झाली. तो मी शिकवायच्या सराव-पाठाचा तास, समोर दुसरीच्या मुली. रखमा म्हणे, "बस ना. आता बोलावतीन."

नाव कापलं असं अजून कुणी सांगितलं नाही. पोरी वाट पाहत असतीन. उठली अन् वर्गात गेली.