वरची गल्ली

३ मार्च

चि. बाळीस ताईचे अनेक आशीर्वाद.

सुनामीची रंगीत तालीम काल झाली. पळायच्या वाटांच्या नकाशाखाली तुझं नाव, म्हणून मी सकाळपासून वस्तीभर मिरवत होते. भोंगा वाजला. फलकांवरच्या तुझ्या बाणांमागून चालत आम्ही वरच्या गल्लीत, तुझ्या 'उंच सुरक्षित जागे'त पोहोचलो. जाळी विणणारे काका तिथे फतकल मारून बसले आणि म्हणाले, बरं झालं, समुद्राला आता आपल्याला शोधत हिंडायला नको. सगळे हसले. मीही हसले. मग मान वर करवेना.

अगं, ती गल्ली बंदरापेक्षा खोलगट आहे. पूर्वी बोटींचे मालक तिथे राहायचे, मोठी माणसं, म्हणून ती 'वरची'. इथलं शेंबडं पोरही सांगेल. नकाशावर 'रहिवाशांशी चर्चा करून' असं छापलंय. कोणाशी केलीस?

लोभ आहे, म्हणूनच विचारते.
ताई

९ मार्च

ती. ताईस, सा. न.

तुझ्याशीच केली. जानेवारीत फोनवर तू म्हणालीस, ब्लाऊज वरच्या गल्लीत शिवायला टाकलाय. नकाशाची मुदत संपत आली होती. मी वरची म्हणजे उंच समजले, उंचीचा तक्ताही उघडला नाही, आणि चर्चेच्या रकान्यात 'स्थानिक महिला' असं लिहून मोकळी झाले. सभा का नको, तर वस्तीतली माणसं फार वेळ खातात, असं कचेरीत मीच म्हणाले होते.

आज साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, फलक पुढच्या वर्षी बदलू, उगाच गाजावाजा नको. मी मान डोलावली. ताई, डोलावली मी. पाणी काय पुढच्या वर्षापर्यंत थांबणार आहे?

लोभ असू दे, हे कोणत्या तोंडाने लिहू?
तुझी बाळी

१५ मार्च

चि. बाळीस,

तोंड नसलं तर पाय तरी घेऊन ये.

ती 'स्थानिक महिला' मीच, हे मी सगळ्यांना सांगितलं. दोन दिवस नळावर कोणी बोललं नाही माझ्याशी. तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, पत्र वाचून दाखव. दाखवलं. 'वेळ खातात' हेसुद्धा. रागावू नकोस.

आम्ही पाण्याच्या टाकीचा चढ ठरवलाय. अर्ज तयार आहे. तो साहेबांपुढे तूच ठेवायचास, आणि यंदाच.

रविवारी ये, पण घरी नको, थेट चढाच्या पायथ्याशी. सासूबाईंना खुर्चीत बसवून वर न्यायचंय, किती वेळ लागतो बघायला. चौघं लागतात, आम्ही तिघंच आहोत. तुझी वाट बघतो असं काका म्हणाले नाहीत. चौथी बाजू रिकामी ठेवा, एवढंच म्हणाले.

ताई