डाव्या हाताचे सहा आठवडे

ताईस धाकटीचा नमस्कार. हे पत्र आईसमोर वाचू नकोस.

वाफेच्या इस्त्रीने भाजून चिकटलेली बोटं सुटी करायला सोमवारी ऑपरेशन आहे. मांडीची कातडी हाताला लावतील. सहा आठवडे उजवा हात बांधलेला राहणार. "घरी कोण आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी म्हटलं, आहेत की सगळे. खोटं कुठे बोलले? आहातच तुम्ही, फक्त इथे नाही.

डब्यांची झाकणं सैल करून ठेवली आहेत. आई माझं अक्षर ओळखते, म्हणून तिची सहा पत्रंही आताच लिहिली. शेजारीण आठवड्याला एक टाकेल. प्रत्येकात आईच्या गुडघ्याची चौकशी आहे, तेव्हा तो इतक्यात बरा होऊ देऊ नकोस.

वेणी मात्र एका हाताने घालता येईना, आणि घालून दे म्हणावं असं हक्काचं इथे कोणी नाही. काल केस कापून आले.

तुझीच,
धाकटी