वहिनींना वगळून तुझा सन्मान

प्रिय शालूताई,

रविवारी ठाण्यात तुझ्या स्मरणाचा कार्यक्रम आहे आणि मी त्याला जाणार नाही. उगाच कुणी तुझ्यापाशी माझी चुगली करण्याआधी मीच सांगून टाकतो. म्हणून हे पत्र.

काल ठाण्याच्या संगीत मंडळाचे कार्यवाह पत्रिका घेऊन धसईला आले होते. कागद जाड, छपाई सुबक. तुझ्या फोटोखाली ‘मुरबाडची सुकन्या’. आपल्या गावाचं, धसईचं नाव लिहायला जागा कमी पडली होती का? मी तिथल्या तिथे पेनाने दुरुस्त केलं. मग आतला कार्यक्रम वाचला. सगळे जगाच्या ओळखीचे संगीतकार. त्यांच्यातल्या एकाचंही तू आयुष्यात मंचावर वाजवलं नाहीस. गुरुजी नाहीत. वहिनीही नाहीत.

हे दोघं कोण, ते कार्यवाहांना कुठून कळणार? मीच सांगितलं. गुरुजी म्हणजे तिकडे युरोपात बोहेमियाच्या खेड्यातला शाळामास्तर, ज्याच्या रचना त्याच्या गावाबाहेर कुणी वाजवल्या नाहीत. वहिनी म्हणजे ती पोर्तुगालची बाई, जिच्या रचना नवऱ्याच्या नावावर छापल्या गेल्या. त्यांची खरी नावं आईच्या जिभेवर बसेनात, म्हणून तिने त्यांना घरातलंच करून टाकलं. तू पियानोवर बसलीस की चुलीपुढून विचारायची, “आज कोन गो, गुरुजी का वयनी?”

आणि सर्वपित्रीला कौलावर घास ठेवताना आई त्या दोघांचेही ठेवायची. अजून ठेवते. त्यांच्या मागं कोन नाय, मंग आपन ठेवू, एवढंच तिचं म्हणणं.

तुला आठवतं, हा पियानो घरी आला तो दिवस? बाबा शहापूरला पारशी बाईंच्या बंगल्यावर माळी. बाईंनीच तुला शिकवलं आणि बंगला विकताना पियानो तुझ्या हवाली केला. टेम्पो धसईत शिरला तेव्हा बाजार हातातला तराजू तसाच धरून बघत राहिला होता. भाताची पोती उचलणाऱ्या गड्यांनी तो उचलला, दारात आपटला, आणि उजवा पेडल तेव्हापासून करकरतो. पुढे मी पुस्तकं बघून त्याच्या तारा लावायला शिकलो, सूर लिहायची पाच रेघांची ती लिपी शिकलो. कुणापुढे शिष्य म्हणून बसलो नाही. कार्यक्रमात तुझी पानं उलटायला परका माणूस बसलेला मला चालणार नव्हता.

पण तुझ्यावर माझा राग नाही असं समजू नकोस हं! मुंबईच्या त्या मोठ्या सभागृहाचे लोक घरी आले होते, वर्षभराचे कार्यक्रम द्यायला. अट एकच, अर्धं तरी ओळखीचं वाजवा. तू चहा संपवलास, कप धुऊन पालथा घातलास आणि नाही म्हणालीस. ते गेल्यावर मी तणतणलो होतो, अगं, अर्धंच तर मागत होते. तू एवढंच म्हणालीस, “त्यांना वाजवायला जग हाय रे. यांना कोन हाय?”

आणि रेकॉर्डिंग? एकही करून ठेवलं नाहीस. म्हणे, डबीत भरून ठेवायचं नाय, लोकांनी वाजवायचं. आता मी काय ऐकू, सांग.

असो. कालचं सांगतो. मी म्हटलं, निदान वहिनींचं एक तरी घ्या. कार्यवाह म्हणाले, काका, लोक उठून जातील. मग समजुतीच्या सुरात म्हणाले की दरवर्षी ताईंच्या नावाने पुरस्कार द्यायचं ठरतंय. घरचेच रुसून बसले, तर नावाचा फेरविचार करावा लागेल.

आई ओटीवर वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “तिच्या नावाचा घास ठेवता न् तिला आवडत नाय ते ठेवता? मंग कावला शिवल कसा?”

“आजी, हे श्राद्ध नाही. कार्यक्रम आहे.”

“मंग पोरीचा फोटो कशाला लावलाय?”

कार्यवाह पाणी प्यायले. मी पत्रिका त्यांच्या हातात परत दिली आणि सांगितलं, पुरस्काराला दुसरं नाव शोधा.

ते गेले आणि मी ओटीवर आईशेजारी येऊन बसलो. ताई, दरवर्षी भरल्या सभागृहात तुझं नाव घेतलं गेलं असतं. मी ते एका वाक्यात घालवलं. चुकलं का माझं? आईला विचारलं, तर तिने सोललेले वाल पुढे केले आणि म्हणाली, धुऊन आण. तेव्हा समजलो, चुकलं नाही; चुकलं असतं तर तिने ऐकवलं असतं.

टोकावड्याच्या कविताला, तुझ्या शेवटच्या विद्यार्थिनीला, मंडळाने वाजवायला बोलावलं होतं. मी फोनवर तिला सांगितलं, तू जा पोरी, तुझं नाव होईल, आमच्या भांडणात पडू नकोस. ती म्हणाली, “मामा, वयनींचं मी घरी बसवलंय. रविवारी तुमच्याकडंच येते. पानं तेवढी तुमी उलटा.”

तर ताई, हे माझं वचन. रविवारी बाजार उठला की आपल्या ओटीवर कविता आधी वहिनींचं वाजवेल, मग गुरुजींचं. दोघांची खरी नावं आणि गावं मी आधी सांगेन, उच्चार नीट तपासून. चार माणसं आली तर चौघांना सांगेन. ज्यांना उठून जायचं त्यांनी खुशाल जावं. पुढच्या वर्षीही हेच, त्याच्या पुढच्या वर्षीही, माझी बोटं पान उलटू शकतील तोवर.

तुझा फोटो लावणार नाही, तुझ्यावर भाषणही करणार नाही. तू तरी कधी स्वतःबद्दल बोललीस? पण ऐकून झाल्यावर कुणी विचारलंच, की हे आपल्या धसईत कुणी आणलं, तर तुझं नाव सांगेन.

तुझा धाकटा,
बाळू