आसारामच्या चालीवर विधायक सूचना

बेलापूर. शनिवार, २७ मार्च १९७१. गुढीपाडवा.

नव्या वर्षाचा संकल्प: आसारामच्या बँडला वळण लावायचं. गावात संगीत कळणारा माणूस मी एकटा. हे गर्वानं नाही, नाइलाजानं लिहितो. प्रवेशिका परीक्षा पास. सेकंड क्लास, पण त्या वर्षी पेपर अवघड होता. हार्मोनियम स्वतःची, दोन पट्ट्या सोडल्या तर सगळी वाजते.

नोकरी गुरांच्या दवाखान्यात, स्टॉकमनची. दिवसभर बैलांच्या जबड्यात हात. लोक डॉक्टर म्हणतात, म्हणू देतो. पण ते आपलं पोटासाठी.

आज मिरवणुकीत आसारामनं स्वतः बांधलेली चाल ऐकली. सिनेमातली नाही, कुणाची उचललेली नाही. सात माणसांचा बँड, आसाराम क्लॅरिनेटवर. माल चांगला आहे, मार्गदर्शन नाही. शंभर पानी वही विकत आणली. वर लिहिलं: 'विधायक सूचना'.

पद्धत ठरवली: आधी गूळ, मग कडुनिंब, शेवटी पुन्हा गूळ. सणालाही धरून आहे. सौ. विजयमालेला समजावून सांगितलं. ती म्हणाली, कडुनिंब तुमच्याजवळ ढीगभर आहे, गूळ तेवढा दुकानातून आणावा लागेल. तिला संगीताची आवड नाही.

बुधवार, ३१ मार्च.

बँडची प्रॅक्टिस छबूबाईच्या पिठाच्या गिरणीमागे, चिंचेखाली चालते. गिरणी बंद झाली की हे सुरू. पहिली बैठक आज पार पाडली.

गूळ: डगल्यांची बटणं चकचकीत आहेत. (दुसरं काही पटकन सुचेना.) कडुनिंब: चालीत ठहराव नाही. ढोल एकदा सुरू झाला की श्वास घेत नाही. संगीतात शांतता हाही एक स्वर असतो, हे चाळीस मिनिटं सांगितलं. गूळ: बटणं खरोखरच चांगली आहेत.

आसाराम म्हणाला, व्हय डॉक्टर. मग म्हणाला, बरं डॉक्टर. असं एकूण नऊ वेळा. इतका ग्रहणशील कलावंत पाहिला नाही. निघताना त्यानं शेळीचं पोट फुगलंय म्हणून विचारलं. दोन मिनिटांत उपाय सांगितला. असल्या गोष्टी या वहीत लिहायच्या नाहीत.

शनिवार, ३ एप्रिल.

शेळी बरी झाली. चालीत फरक नाही.

शुक्रवार, ९ एप्रिल.

नवी अडचण: घोडी. गोरक्षची चंद्री. आसारामचा बँड आणि गोरक्षची घोडी लग्नांना जोडीनं जातात. तालावर काय पाय उचलते! जनावर म्हणून पाहिलं तर तालुक्यात तोड नाही. खूर पाहिले, दात पाहिले, सहा वर्षांची, खणखणीत.

पण तिला शिकवलंय फक्त ढोलावर. ढोल वाजला की चालायचं, ढोल थांबला की उभं राहायचं. मग नवरदेवानं उतरायचं. एवढी दोनच कलमं तिला ठाऊक. त्यासाठी गोरक्ष दीड वर्ष खपला म्हणे. मी म्हणालो, कलेच्या आड जनावराची मर्यादा येता कामा नये. गोरक्ष म्हणाला, डॉक्टर, तिच्यावर माजं घर चालतंय. मर्यादा तिची न्हाई, माजी हाय.

उत्तर चांगलं होतं. पण मुद्द्याला धरून नव्हतं.

रविवार, ११ एप्रिल.

नुसत्या सूचना देऊन भागत नाही, करून दाखवावं लागतं. आसारामच्या चालीत मधोमध बसेल असा दोन मिनिटांचा आलाप स्वतः बांधायला घेतला. फक्त क्लॅरिनेट. ढोल पूर्ण बंद. रोज संध्याकाळी एक तास, मनाशी पक्कं केलं.

सोमवार, १२ एप्रिल. घटसर्पाच्या लशी. दमलो.

मंगळवार, १३ एप्रिल. डोकं दुखत होतं.

गुरुवार, २२ एप्रिल.

आलाप पुरा झाला. ज्या पट्ट्या वाजत नाहीत नेमक्या त्याच लागत होत्या, म्हणून तेवढं तोंडानं म्हटलं. शेजारचे दोघं कंदील घेऊन चौकशीला आले, कुणाची गाय अडलीय का म्हणून. विजयमाला म्हणाली, नाही, सुटतीय आता.

रविवार, २ मे.

मोठी बातमी. अण्णांच्या पुतण्याचं लग्न १३ तारखेला. अण्णा म्हणजे गावातला सगळ्यात मोठा उसवाला, शब्दाला वजन. मुलगी गावातलीच. बँड आसारामचा, घोडी गोरक्षची. हे लग्न झ्याक झालं तर अण्णांच्या भावकीतली पुढची चार लग्नं दोघांना मिळणार. गोरक्ष घरावर पत्रे टाकायचं बोलू लागला आहे.

मी म्हणालो, आलाप याच लग्नात. आसाराम पहिल्यांदाच 'बरं डॉक्टर' म्हणाला नाही. म्हणाला, डॉक्टर, ह्ये लगीन जाऊ द्या, फुडं कवातरी घेऊ. कलावंताची भीती! ती घालवणं हे समीक्षकाचंच काम.

मंगळवार, ४ मे.

भीती घालवली. अण्णांच्या खिलारी खोंडाला मी मागच्या साली मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं. त्याची सहज आठवण करून दिली आणि आलापाचा विषय काढला. अण्णांनी आसारामला बोलावून सांगितलं, डॉक्टर म्हनत्यात तसं वाजवायचं. आसाराम पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाला, तुमी म्हनाल तसं.

यालाच म्हणतात विधायक.

गुरुवार, १३ मे. सकाळी ८.

आजचा दिवस. धोतर इस्त्रीचं. परण्या, म्हणजे घोड्यावरच्या नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या देवळातून निघणार, गोरज मुहूर्त सहा चाळीसचा. आलाप गिरणीच्या कोपऱ्यावर ठेवला आहे. तिथे आवाज चांगला घुमतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी ८.

कार्यक्रम झाला. एकूण समाधानकारक. किरकोळ गोष्टी उद्या लिहीन.

शुक्रवार, १४ मे.

किरकोळ गोष्टी.

सहा वीसला परण्या गिरणीच्या कोपऱ्यावर. मी खूण केली, ढोल थांबला, आलाप सुरू झाला. चंद्री उभी राहिली. नवरदेवाचं बाशिंग नाकापर्यंत घसरलेलं, मुंडावळ्यांतून दिसतंय काय? घोडी थांबली की उतरायचं एवढं त्याला सांगून ठेवलेलं. उतरला. समोर दार होतं, दारासमोर जाऊन उभा राहिला. दार गिरणीचं.

छबूबाई केसांपासून पायांपर्यंत पिठानं पांढरी, बाहेर आली ती नवरदेव दारात. दुसरी कुणी असती तर गडबडली असती. ही म्हणाली, दारात आलेला नवरदेव तसाच कसा जाऊ द्यायचा, आणि दुपारची भाकरी होती तिचा तुकडा मोडून ओवाळून टाकला. कुंकू हाताशी नव्हतं, कपाळाला पीठ लावलं.

गोरक्ष लगाम सोडून नवरदेवाला आणायला धावला. तेवढ्यात आलाप संपला. (एक मिनिट चाळीस सेकंद. आसारामनं वीस सेकंद खाल्ले, हे नोंदवून ठेवतो.) ढोलावर थाप पडली. चंद्री निघाली. बँड पुढे, पुढच्यांना मागचं काय माहीत. इतकी सुंदर ती कधीच नाचली नसेल. नाचत नाचत सहा पस्तीसला मांडवाच्या दारात जाऊन, ढोल थांबल्यावर शहाण्यासारखी उभी राहिली. पाठीवर कुणी नाही.

रिकामं खोगीर पाहून नवरीच्या आईनं जी किंकाळी फोडली ती वरच्या षड्जापर्यंत गेली.

नवरदेव सहा एकोणचाळीसला सायकलच्या कॅरिअरवरून आला, कपाळाला पीठ. अक्षता वेळेवर पडल्या. म्हणजे नियमानं पाहिलं तर मुहूर्त चुकला नाही.

शनिवार, १५ मे.

एक गोष्ट काल लिहायची राहिली.

पंगतीआधी अण्णांनी सगळ्यांदेखत विचारलं, घोडीला काय झालं हुतं, डॉक्टर? तुमीच बघा. सगळे माझ्याकडे बघू लागले. आसारामही, गोरक्षही. मी चंद्रीचं पोट चाचपलं, कानाला हात लावला, डोळा उलगडून पाहिला. काही नव्हतं. मी म्हणालो, पोटशूळ असावा. जनावराचा काय भरवसा.

'असावा' म्हणालो, 'आहे' म्हणालो नाही. हा फरक शिकलेल्या माणसाला कळतो. गोरक्ष चंद्रीला घेऊन गेला.

मंगळवार, १८ मे.

अण्णांनी पुढच्या चार लग्नांना बँड आसारामचाच ठेवला. घोडी दुसरी आणणार. रिकाम्या पाठीनं मांडवात शिरणारी घोडी अपशकुनी, असं त्यांच्या घरातल्या बायकांचं म्हणणं पडलं. खालच्या आळीतल्या एका लग्नघरानंही गोरक्षला नको म्हणून कळवलं.

चिंचेखाली गेलो. आलापात सुधारणा सुचवणार होतो. आसाराम म्हणाला, न्हाई डॉक्टर. मी म्हणालो, ऐकून तर घे. तो परत म्हणाला, न्हाई डॉक्टर. आणि क्लॅरिनेट पुसू लागला.

जेवताना विजयमाला म्हणाली, घोडीचं पोट दुखत नव्हतं हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. कुणाचं दुखत होतं, तेवढं सांगा. मी म्हणालो, आमटीत मीठ जास्त आहे. जास्त नव्हतं.

गुरुवार, २० मे. दुपारी ३.

गोरक्ष दवाखान्यात आला. उद्या घोडेगावच्या बाजारात चंद्री विकायची आहे, तिच्या तब्येतीचा दाखला पाहिजे. एवढंच बोलला. भांडला असता तर बरं झालं असतं. बाहेर चंद्री उभी होती. रस्त्यावरून कुणीतरी डबडं बडवत गेलं तर तिनं पाय उचलला.

कागद पुढे घेतला. पोटशूळ लिहावा तर टांग्यालाही कुणी घेणार नाही. निरोगी लिहावं तर त्या दिवशी मी काय पाहिलं? अर्धा तास टाक झटकत बसलो. शाई भरपूर होती.

संगीतातलं मला काय कळतं याबद्दल वाद होऊ शकतो. (मी हे पहिल्यांदाच लिहितो आहे.) पण जनावर मला कळतं. बावीस वर्षं त्याचीच भाकरी खातो. त्या दिवशी चंद्रीच्या पोटावर हात ठेवला तेव्हाच मला माहीत होतं, आणि सगळ्यांदेखत मी त्या मुक्या जिवाच्या नावावर खोटं बोललो. लाज वाटते.

दाखल्यावर लिहिलं: घोडी पूर्ण निरोगी. १३ तारखेसही पूर्ण निरोगी होती.

संध्याकाळी ६.

गोरक्षला म्हणालो, बाजाराचं उद्या बघू, आधी माझ्याबरोबर चल. दाखला घेऊन अण्णांच्या ओट्यावर गेलो. आठ-दहा माणसं बसली होती. निम्मी निघून जाईपर्यंत थांबावं असं मनात आलं, पण आणखी चार आली. मग बोललोच. घोडीला शिकवलं तेच तिनं केलं. ढोल मी थांबवला. आलाप माझा. पोटशूळ खोटा.

मग अण्णांनी दाखला वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, डॉक्टर, तुमच्याइतका गुरांतला जानता मानूस या पट्ट्यात न्हाई. मंग तुमी गुरांचंच का बघत न्हाई? ओटा हसला. गोरक्ष तेवढा हसला नाही. अण्णा त्याला म्हणाले, चारी लग्नाला तुजीच घोडी. बायकांना मी सांगतो.

चंद्री बाजारात गेली नाही. ठहरावाची कल्पना मात्र तत्त्वतः बरोबर होती.

शुक्रवार, २१ मे. ठहरावाचं वरचं वाक्य खोडणार होतो. राहू दे.

रविवार, ३० मे.

चारांपैकी पहिलं लग्न. मुद्दाम गिरणीच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. वही नेली नाही. छबूबाई म्हणाली, डॉक्टर, आज भाकरी शिल्लक न्हाई बरं का.

चाल आली. आसारामची, होती तशी. ढोल एकदाही थांबला नाही. चंद्री त्यावर पाय टाकत होती आणि वर बसलेला नवरदेव, भित्रा पोरगा, हळूहळू ताठ झाला. सवयीनं सूचना शोधू लागलो. सुरुवातीला नाही, मध्ये नाही, शेवटी नाही. चाल चांगली आहे. पाडव्याच्या दिवशीही चांगली होती, मला ऐकू आली नव्हती, कारण मी बोलत होतो.

हे आसारामला सांगायलाच हवं होतं. आज सगळा गूळ, कडुनिंब अजिबात नाही. पुढे झालो, हात वर केला. ढोलवाल्याचं तोंड पांढरंफटक पडलं. आसारामच्या तोंडात क्लॅरिनेट, त्याला बोलता येईना, डोळ्यांनीच हात जोडले. बोलला तो गोरक्ष. म्हणाला, डॉक्टर, जरा बाजूला व्हा, घोडीला वाट द्या.

झालो.