सहा पंचावन्नचा वारा

११ ऑगस्ट
केंद्राच्या वाणिज्य विभागाची सूत्रं हाती घेतली. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि अर्धी तेजल. उरलेली अर्धी संध्याकाळी समुद्राचं हवामान वाचते. सरकारी रेडिओलाही आता कमावून खावं लागतं. मार्चपर्यंत जाहिराती आणल्या नाहीत तर पालघरचं प्रसारण बंद, सगळं मुंबईहून. निश्चय : केंद्र वाचवायचं, तेजलला कायम करायचं, रोज सकाळी चालायचं.

१४ ऑगस्ट
चालणं सोमवारपासून.
बोईसरला सात कारखाने फिरले. एका वॉचमनने विचारलं, "मॅडम, रेडिओ अभी भी चलता है क्या?" सहानुभूतीने विचारलं, म्हणून राग आला नाही.

१९ ऑगस्ट
मार्केट रिसर्च. दातिवऱ्याला तेजलच्या घरी. तिचे वडील, दामूकाका, मासेमारीच्या बोटीवर तांडेल. बोट त्यांच्या शब्दावर चालते. खोल पाण्यात फोनला रेंज नाही, म्हणून ट्रान्झिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नेतात. सहा पंचावन्नला लावायचा, वारा कळला की सेल वाचवायला लगेच बंद.
निघताना सुके बोंबील दिले. म्हणाले, "बाय, गाणी कितीबी लावा. वारा तेवढा पयला सांगा."
म्हटलं, नक्की.
सफाळ्यापर्यंत येताना कल्पना सुचली. वारा शेवटी ठेवला तर आधीची जाहिरात ऐकावीच लागेल! हे आजवर कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही?

२२ ऑगस्ट
कुंभवलीजवळच्या एका रंगाच्या कारखान्याचे केदार एका मीटिंगमध्ये तयार झाले. पाचातली अडीच मिनिटं त्यांची, मग वारा. सातच्या ठोक्याला मुंबईच्या बातम्या आपोआप जोडल्या जातात, एवढंच सांभाळायचं.
तेजल म्हणाली, "मॅडम, तुम्ही बाबांना शब्द दिला होता."
मी म्हटलं, अगं, वारा तोच आहे, फक्त अडीच मिनिटं उशिरा. तिच्यासाठीच तर चाललंय सगळं. कळेल हळूहळू.

२९ ऑगस्ट
केदारना मालकांकडून गणपतीच्या शुभेच्छाही हव्यात. दिल्या. तेजलला सांगितलं, जरा भरभर वाच. वाचलं तिने. किती गुणी आहे.
चालणं गौरी झाल्यावर.

९ सप्टेंबर
कारखान्याचा वर्धापनदिन. मालक स्वतः बोलले, सगळ्यांचे आभार मानत बसले. मध्येच कापायचं कसं? तेजल "दातिवरे ते डहाणू, उद्या पहाटेपासून" इथवर आली आणि मुंबई सुरू झाली.
ती ओरडली, "मॅडम, वादळाचं पुढे होतं! बाबा कालपासून बाहेर हायत!"
तिला पाणी दिलं. मुंबईला फोन लावला, मध्ये घेता येत नाही म्हणाले. असे इशारे हल्ली सगळीकडून येतात. सकाळी सहाला पहिलं तेच देऊ.

१० सप्टेंबर
सहाला दिलं. तोवर झाडं वाकायला लागली होती.
बाकीच्या बोटी आल्या. दामूकाका मुरलेले आहेत, कुठेतरी आडोशाला थांबले असतील. तेजलला तसंच सांगितलं. तिने फोन ठेवून दिला.

१२ सप्टेंबर
दामूकाकांच्या बोटीवरचे दोन खलाशी दुसऱ्या बोटीने आणले. दामूकाका नाहीत. मी किनाऱ्यावर गेले होते. खलाशांमधला अंकुश सांगत होता, "रेडिओ लावला व्हता. जायरात आयकली सगली. पोर बोलाया लागली तं बातम्याच चालू झाल्या. आमी बोललो, तांडेल, मागं फिरू. तर ते बोलले, मोठं काय असतं तं माज्या पोरीनं पयलं सांगितलं असतं."
तेजल तिथेच उभी होती. तिला सांगायला हवं होतं की क्रम मी ठरवला. गर्दी होती. ती वेळ नव्हती.

१५ सप्टेंबर
केदारनी जाहिरात काढून घेतली. अशा वेळी बरं दिसत नाही म्हणाले.
तेजल संध्याकाळी आपणहून आली. मी म्हटलं, आज राहू दे, मी वाचते. तिने माझ्या हातातून कागद घेतला. पहिला वारा वाचला, सावकाश. मग हरवल्याची सूचना वाचली. दामू, वय अठ्ठावन्न, निळा शर्ट, गळ्यात काळा दोरा. कुणाचे कोण ते वाचलं नाही.
सातला अजून दीड मिनिट होतं. ती माईकसमोरच बसून राहिली. भरायला माझ्याकडे काहीच नव्हतं.