आजींचा उपदेशक मुलगा

आईस, प्रभूमध्ये सलाम.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं.

मी ज्या आजींना सांभाळते, त्यांचा मुलगा काल आला होता. तो चर्चमध्ये उपदेश करतो. त्याची प्रार्थना चालू असतानाच आजींचं अंथरूण खराब झालं. हा नाकाला रुमाल लावून भिंतीला चिकटला. मी पुसायला लागले तर म्हणतो, "ताई, तारण विश्वासानं होतं, कर्मानं नाही."

"मग विश्वासानं तो टॉवेल द्या," मी म्हणाले.

टॉवेल खुर्चीवर टाकून तो निघून गेला. घाणीची मला कधी किळस आली नाही, त्याची आली. विश्वास माझाही आहे गं, पण तो असा हात आखडून उभा राहतो का?

आजी मात्र विचारत होत्या, "तो रागावला का?"

तुझा गुडघा कसा आहे? उपासनेहून आल्यावर बाबा पाणी भरतात ना? खरं लिही.

तुझीच,
थोरली