पेटी भरली आहे

४ मार्च १९९९, सांगली
आजही पुष्करचं पत्र नाही! ई-मेलच्या पेटीत नुसत्या जाहिराती — टक्कल घालवा, घरबसल्या श्रीमंत व्हा, आणि काही तर इथे लिहवतही नाहीत. शेजारच्या खुर्चीत कॉलेजची मुलं. मान खाली घालून पुसत बसले. नवऱ्याचं पत्र शोधायला आलेली बाई आणि पडद्यावर हे!

इंटरनेट कॅफेवाला वीरधवल म्हणाला, "वैनी, पेटी भरली की नवीन पत्र आत येतच न्हाई. आल्या पावली परत जातंय."

म्हणजे पुष्करची पत्रं परत गेली असणार. कॅलिफोर्नियातलं घर बदलतोय, नवा फोन नंबर ई-मेलनं कळवतो म्हणाला होता. माझ्या व्हिसाचंही त्यातच.

५ मार्च
अण्णांना सांगितलं. माझे सासरे, पण आधी वकील! "न मागता दुसऱ्याच्या दारात कचरा टाकायचा? आणि माझ्या मुलाचं पत्र अडवायचं?" टपालाचा कायदा काढला, तारेचा काढला. शेवटी चष्मा उतरवला. "हे टपालही नाही, तारही नाही. दावा लावायचा कुठल्या कलमाखाली?"

९ मार्च
जाहिरातीखाली लिहिलेलं असतं — नको असल्यास कळवा. सगळ्यांना कळवलं.

११ मार्च
दुपटीनं आल्या! वीरधवलनं कपाळावर हात मारला. "आवं वैनी, उत्तर दिलं म्हंजी पत्त्यावर माणूस हाय हे कळलं की त्यास्नी!"

१५ मार्च
अण्णांना इंग्रजी पेपरात बातमी सापडली. कॅलिफोर्नियात जानेवारीपासून कायदा लागू झालाय. जाहिरात असेल तर विषयाच्या ओळीतच तसं लिहायचं, नको म्हटलं की थांबायचं. अण्णा केवढे खुलले! "पुष्करच्या गावात आहे, मग आपल्याकडे का नाही?" दिल्लीला पाठवायला स्वतःच तशा कायद्याचा मसुदा टाइप करायला बसलेत. सासूबाई गेल्यापासून त्यांना इतकं ताठ बसलेलं पाहिलं नव्हतं.

मला मात्र नुसतं पुष्करचं पत्र हवंय.

२२ मार्च
वीरधवलनं नवा पत्ता काढून दिला. तिथून पुष्करला लगेच लिहिलं — आता इथेच पाठव. पेटी कोरी करकरीत. किती बरं वाटलं!

३० मार्च
काही नाही. जाहिरातसुद्धा नाही.

२ एप्रिल
रिकामीच. वीरधवल बराच वेळ घुटमळला. मग म्हणाला, "वैनी, एक सांगू? पत्र परत गेलं की पाठवणाऱ्याला कळतंय. पोचलं न्हाई, अशी चिठ्ठी येती त्याला."

म्हणजे त्याला कळलं असतं. आणि आपल्या घरचा फोन नंबर तर तोच आहे!

रिक्षा केली नाही. आयर्विन पुलावर उगाच थांबले. कृष्णेला पाणी कमी. घरी आले तर टाइपरायटरचा खडखडाट चालूच. अण्णांसाठी चहा टाकला.

६ एप्रिल
सकाळी पुष्करचा फोन. "मी लिहिलंच नव्हतं, वल्लरी. एकही पत्र नाही. तू इकडे येऊ नकोस. मी आता एकटा राहत नाही."

रिसीव्हर ठेवला तर अण्णा दारात. "काय म्हणाला?"

"पत्रं परत गेली म्हणाला."

"बघ! तरी मी म्हणतच होतो!" आणि तिसरं कलम वाचून दाखवायला बसले. मी शेवटपर्यंत ऐकलं.